आधीचे दार लावल्याशिवाय

तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ
१४ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राचे उत्तर कापसाच्या दुसऱ्या वेच्यामुळे लांबले, त्याबद्दल राग धरू नकोस. आज मला तुझ्याशी एकाच विषयावर बोलायचे आहे, आणि तो आपल्यात वीस वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेल्या वादाचा आहे. गेल्या मंगळवारी रात्री मी ‘द अदर्स’ हा इंग्रजी भयपट पुन्हा पाहिला.

अमरावतीच्या वसतिगृहात आपण तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या लहानशा खोलीत आपण नऊ जण दाटीवाटीने बसलो होतो, सीडी प्लेअर भाड्याने आणलेला होता आणि शेवटच्या दहा मिनिटांत कोणाच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. चित्रपट संपल्यावर तू म्हणालास की असला चित्रपट म्हणजे एकदाच वाजणारा फटाका. शेवट कळला की हातात नुसता जळका कागद उरतो. मी वाद घातला खरा, पण माझ्याजवळ मुद्दा नव्हता, नुसता हट्ट होता, म्हणून मी हरलो. आता मुद्दा सापडला आहे असे मला वाटते.

मंगळवारी संध्याकाळी सातलाच वीज गेली. घरची मंडळी यवतमाळला लग्नाला गेली होती, आई जेवून माजघरात झोपली होती आणि एवढ्या मोठ्या वाड्यात जागा असा मी एकटाच होतो. पुतण्याने दिवाळीत आला असताना माझ्या लॅपटॉपमध्ये काही चित्रपट भरून ठेवले होते, त्यात हा निघाला. ओसरीवर बंगईजवळ कंदील ठेवला, पाठीला लोड घेतला आणि सुरू केला. पहिल्या दहा मिनिटांतच ग्रेस नव्या नोकरांना सांगते की जर्मनांच्या काळात वीज सारखी जात असे, त्यामुळे तिच्यावाचून राहायची आम्हाला सवय झाली. मी कंदिलाची वात थोडी खाली केली. मोठ्या पडद्यावर, थंड हवेच्या चित्रपटगृहात बसून हे वाक्य असे अंगाला लागले असते असे मला वाटत नाही.

तपशील तुझ्या मनातून पुसट झाले असतील म्हणून थोडक्यात सांगतो. साल १९४५, जागा इंग्लिश खाडीतले जर्सी बेट. १९४० पासून जर्मनांच्या ताब्यात असलेले हे बेट नुकतेच मोकळे झाले आहे, आणि धुक्यात बुडालेल्या एका प्रचंड घरात ग्रेस आपल्या ॲन आणि निकोलस या दोन मुलांसह नवऱ्याची वाट पाहत राहते. नवरा युद्धावर गेला तो परतलेला नाही. मुलांना उजेड सोसत नाही, म्हणून प्रत्येक खिडकीला जाड पडदे आहेत. एके दिवशी तीन नोकर दारात येऊन उभे राहतात: वयस्क मिसेस मिल्स, जिला मी पुढे मिल्सबाईच म्हणेन, माळीकाम करणारा म्हातारा आणि एक मुकी पोरगी. मग घरात पावले वाजू लागतात, कुलूपबंद खोलीतला पियानो वाजतो, आणि ॲन सांगू लागते की या घरात आपल्याखेरीज आणखी कोणी तरी राहते.

हे सगळे घडवणारा दिग्दर्शक आलेहांद्रो आमेनाबार तेव्हा तिशीच्याही आतला होता. पटकथा त्याची, दिग्दर्शन त्याचे आणि संगीतही त्याचेच. घर जर्सीतले दाखवले असले तरी तो वाडा उत्तर स्पेनमधल्या कांताब्रिया भागातला आहे. स्पेनच्या गोया पुरस्कारांपैकी आठ या चित्रपटाला मिळाले, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळालेला, ज्यात स्पॅनिश भाषेचा एकही शब्द नाही असा, तो पहिला चित्रपट ठरला. २००४ साली ‘हम कौन है?’ या नावाने त्यावरून हिंदी चित्रपट निघाला, त्यात डिंपल कपाडिया आणि अमिताभ बच्चन होते. पण त्यावर आज मला शाई खर्च करायची नाही.

मला त्या घराच्या नियमाबद्दल बोलायचे आहे. आधीचे दार कुलूप लावून बंद केल्याशिवाय पुढचे दार उघडायचे नाही, हा तो नियम. ग्रेस सांगते की हे घर जहाजासारखे आहे आणि उजेड पाण्यासारखा; दारे उघडून आणि बंद करूनच त्याला आवरून धरायचे. वसतिगृहात मला ते वाक्य नुसते चमत्कारिक वाटले होते. आता वीस वर्षे ओलित केल्यावर त्याचा अर्थ हातांना कळतो. रात्रीच्या पाळीला वीज येते तेव्हा आपण एक दांड बंद केल्याशिवाय दुसरा फोडत नाही, कारण पाणी एकदा भलत्या वाफ्यात शिरले की ते मागे घेता येत नाही. ग्रेस रात्रंदिवस तेच करते आहे. फक्त ती ज्याला अडवते आहे तो उजेड खिडकीतून येणारा नाही, हे तिला स्वतःला ठाऊक नाही, आणि पहिल्या वेळी आपल्यालाही ठाऊक नव्हते. शेवट माहीत असताना तिच्या कंबरेच्या किल्ल्यांचा आवाज ऐकवत नाही. प्रत्येक कुलूप ती एका आठवणीला लावते आहे असे वाटत राहते, आणि एवढ्या निष्ठेने कुलपे लावणाऱ्या बाईची भीती वाटण्याऐवजी तिची माया येते.

आता तुझ्या फटाक्याच्या मुद्द्याकडे येतो. चित्रपटाची कथा एका किंकाळीने सुरू होते. ग्रेस अंथरुणात दचकून ओरडत उठते आणि मग तोंड दाबून घेते. तेव्हा आपण समजलो की तिला वाईट स्वप्न पडले. शेवट माहीत असलेल्या माणसाला ती किंकाळी ऐकता क्षणी कळते की ज्या बाईने आपल्या दोन्ही लेकरांच्या तोंडावर उशी दाबली आणि नंतर बंदूक स्वतःवर झाडली, ती ही बाई, आणि हे तिचे मेल्यानंतरचे पहिले जागे होणे आहे. म्हणजे चित्रपटाचा शेवट पहिल्याच चित्रात आपल्या समोर ठेवलेला होता; आपल्याला तो वाचता येत नव्हता, एवढेच. पुढे ॲन पुन्हा पुन्हा म्हणते की त्या दिवशी मम्मी वेडी झाली होती, आणि निकोलस तसे काही झालेच नाही असे म्हणून कानावर हात ठेवतो. आपण त्या पोरीला खोडकर, खोटारडी ठरवले होते. दुसऱ्या वेळी लक्षात येते की त्या सबंध घरात खरे बोलणारे एकच लेकरू आहे, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा होते. त्या शिक्षेच्या प्रसंगी मी चित्रपट थांबवून थोडा वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो.

मिल्सबाईचे बोलणे तर दोन थरांत विणलेले आहे. दारात उभी राहून ती सांगते की आम्ही पूर्वी याच घरात कामाला होतो आणि ते आमच्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. त्यात एक अक्षर खोटे नाही. हे तिघे क्षयरोगाने १८९१ साली गेले, एवढेच ती सांगत नाही. ग्रेसने नोकर हवेत म्हणून लिहिलेली जाहिरात टपालात गेलेलीच नव्हती हे उघड होते, तेव्हाही तिची चर्या ढळत नाही. ॲनने काही विचारले की ती सबुरीने घ्यायला सांगते, जणू हंगाम यायचा असतो आणि तो घाई केल्याने येत नाही. अंगणातल्या थडग्यांवर माळ्याकडून पालापाचोळा टाकून घेते, आणि वेळ आली असे वाटल्यावर तोच पाचोळा दूर करायला लावते. पहिल्या वेळी ही बाई आपल्याला कारस्थानी वाटली होती. दुसऱ्या वेळी ती एखाद्या सुईणीसारखी वाटली: जे बाहेर यायचे ते येणारच हे तिला पक्के माहीत आहे, पण वेळेआधी ओढून काढले तर बाई जाईल हेही माहीत आहे.

मी या मिल्सबाईवर एवढा का थांबलो ते आता लिहितो, कारण ते तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

आईची आठवण गेल्या दोन वर्षांत फार विरळ झाली आहे. दिवसा ती बरी असते, तूर निवडते, माझ्या मुलाला त्याच्याच नावाने हाक मारते. दिवेलागण झाली की मात्र ओसरीवर येते आणि विचारते, “तुहे बाबा आले नाही का रे वावरातून?” बाबांना जाऊन चार वर्षे झाली हे तुला माहीत आहे, खांदा द्यायला तूही होतास. थोरल्या भावाचे म्हणणे असे की तिला खरे ते सांगावे, खोट्यात ठेवू नये. म्हणून एकदा मी तिला शेजारी बसवून सगळे नीट सांगितले. मित्रा, तिने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखा आकांत केला, कुंकू पुसायला कपाळाकडे हात नेला आणि तिथे काही नाही हे कळल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मला विसरता येत नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती पुन्हा ओसरीवर उभी होती आणि प्रश्न तोच होता. तेव्हापासून मी “येतील” एवढेच म्हणतो. दर संध्याकाळी म्हणतो, आणि दर संध्याकाळी मला वाटते की मी अंगणातल्या दगडावर पाचोळा टाकतो आहे.

त्यामुळे मंगळवारी मी ग्रेसच्या बाजूने घाबरत नव्हतो. मी मिल्सबाईच्या बाजूला बसलो होतो, आणि तिला हे कसे साधते ते शिकत होतो.

धुक्यातला प्रसंगही आता वेगळा दिसला. ग्रेस पाद्रीबुवांना बोलावण्यासाठी घराबाहेर पडते आणि धुक्यात वाट हरवते. आपल्याकडे धुवारी पडली की तुरीचा फुलोरा गळेल म्हणून जीव खाली-वर होतो, पण हे धुके त्या जातीचे नाही. जागलीला गेलेल्या माणसाला रात्री चकवा लागतो आणि तो स्वतःच्याच धुऱ्याभोवती पहाटेपर्यंत फिरत राहतो असे आपले म्हातारे सांगत, तसे ते आहे. त्या चकव्यात तिला तिचा नवरा चार्ल्स भेटतो. तो घरी येतो, पण आल्यासारखा वागत नाही. अंथरुणात पडून राहतो, आणि ॲनकडून त्या दिवशीची हकीगत ऐकल्यावर बायकोला विचारतो की नेमके काय झाले होते. ग्रेस मात्र त्यालाच विचारते की बेटावरच्या सगळ्यांनी माघार घेतली असताना तू त्या युद्धावर का गेलास, तुझी जागा इथे आमच्याजवळ होती. पहाट होण्याआधी तो निघून जातो. वसतिगृहात आपण सगळ्यांनीच या भागाला रटाळ म्हटले होते. परवा मला तो सगळ्या चित्रपटाचा गाभा वाटला. ज्याची वाट पाहिली तो आला, आणि तरीही आला नाही.

मेलेल्यांच्या फोटोंची वही तुला आठवते का? ग्रेसला अडगळीत ती सापडते. झोपलेली वाटणारी माणसे, सगळी मेलेली. एकोणिसाव्या शतकात तिकडे मृताला नीट बसवून किंवा निजवून शेवटचा फोटो काढण्याची रीत होती. पूर्वी ती वही पाहून आपण शहारलो होतो. या वेळी मी कंदील उचलला आणि ओसरीच्या भिंतीवरचा पणजोबांचा फोटो पाहिला. तू तो शंभरदा पाहिला आहेस. खुर्चीवर बसवलेले, डोक्याला पागोटे, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ आणि मिटलेले डोळे. ते डोळे ध्यानासाठी मिटलेले नाहीत हे मला दहाव्या वर्षी आजीने सांगितले होते, आणि त्यानंतरही मी त्या फोटोखाली बसून अभ्यास केला, कधी भ्यालो नाही. अक्षय तृतीयेला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो, पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहतो. मेलेले घरातच असतात हे आपल्याला भयकथेतून कळायची गरज नव्हती. म्हणूनच असेल, शेवटी मिल्सबाई सांगते की आपल्याला आता त्यांच्यासोबतच राहायला शिकावे लागेल, तेव्हा ते मला धक्कादायक वाटण्यापेक्षा ओळखीचे वाटले. नवे होते ते एवढेच, की वाक्य मेलेल्यांनी जिवंतांविषयी म्हटलेले होते.

एका गोष्टीत मात्र मी तुझ्या बाजूने आहे. थडग्यांवरचे दगड सापडल्यावर ते तीन नोकर रात्रीच्या अंधारात मुलांच्या दिशेने हळूहळू चालत येतात आणि मुले किंचाळत पळतात, तो भाग दुसऱ्या वेळी खोटा वाटतो. त्या तिघांच्या मनात मुलांविषयी काहीही वाईट नाही हे आपल्याला माहीत असते, मग त्यांनी असे भुतासारखे का यावे? तेवढी पाच मिनिटे फक्त पहिल्यांदा पाहणाऱ्यासाठी आहेत, तिथे तुझा फटाका खरा. बाकी सगळे धागे दोन्हीकडून घट्ट विणलेले आहेत. ख्रिस्ती धर्मविधीच्या पांढऱ्या पोशाखात खेळणाऱ्या ॲनच्या जागी म्हातारीचा चेहरा दिसतो, तोही मला तेव्हा नुसता दचकवण्याचा प्रकार वाटला होता. पण ती म्हातारी म्हणजे पलीकडे, जिवंतांच्या बाजूला, टेबलाभोवती बसून या मुलांशी बोलू पाहणारी अंध बाई, हे माहीत असले की त्या प्रसंगाला आधार मिळतो.

आणि पडदे! एका सकाळी घरातले सगळे पडदे कोणी तरी काढून टाकलेले असतात, उन्हात मुले ओरडत उठतात आणि ग्रेस त्यांना पोटाशी धरून अंधार शोधत धावते. किती दुष्ट असतील ते ‘दुसरे’, असे आपण म्हणालो होतो. आता कळते की ते बिचारे एक साधे कुटुंब आहे, नवीन घरात राहायला आले आहे आणि त्यांना खिडकीतून ऊन हवे आहे. माझी मुले सुटीत दिवसभर या वाड्याची दारे-खिडक्या सताड उघडी टाकतात आणि आई मागोमाग जाऊन एकेक लावत येते. दोघांचेही चुकत नाही.

आमेनाबारने हे सगळे पावणेदोन तासांच्या आत, बहुतेक वेळ मेणबत्ती आणि कंदिलाच्या उजेडात सांगितले आहे. भय वाढवायला त्याने अंधार वापरला आणि अंधारात काहीही ठेवले नाही. जे होते ते ग्रेसच्या चेहऱ्यावर होते. निकोल किडमनने या बाईचा कडकपणा आणि तिचे तुटणे एकाच आवाजात पेलले आहे. शेवटी जिन्यावर मुलांना कवेत घेऊन ती जे घडले ते आपल्या तोंडाने बोलते, आणि नंतर ॲन तिला मेल्यावर लेकरे जिथे जातात त्या अधांतरी जागेविषयी विचारते, ज्याची भीती घालून तिने मुलांना पाठ शिकवले, तेव्हा ती म्हणते की मलाही तुमच्यापेक्षा जास्त काही ठाऊक नाही. एवढ्या कुलपांनंतर ते वाक्य येते. आणि मिल्सबाई चहाचे बघायला निघते.

याच सुमारास माजघराचे दार वाजले आणि आई बाहेर आली. पडद्यावर शेवटचे चित्र होते: खिडकीत ग्रेस आणि तिची दोन लेकरे, खाली घर सोडून निघालेली मोटार. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “कोनाचे लेकरं हायेत रे हे? थंडी वाजते त्याईले, घरात घे.”

मी म्हणालो, “ते घरातच आहेत, आई.”

तिने मान डोलावली, तिला ते पटले. मग ती बंगईवर बसली आणि मी आत जाऊन दोघांसाठी चहा ठेवला. त्या रात्री तिने बाबांविषयी विचारले नाही.

तू जानेवारीत ये. तुरीच्या ओल्या शेंगा असतील, रात्री शेकोटी करू, लॅपटॉप मी दिवसाच चार्ज करून ठेवीन. माझे सगळे म्हणणे तू खोडून काढलेस तरी चालेल, फक्त त्या पहिल्या किंकाळीपासून नीट बघ आणि मध्येच उठून जाऊ नकोस. मोठ्या भावालाही त्याच दिवशी बोलावले आहे. तो आईविषयी पुन्हा तोच विषय काढील, तेव्हा तू माझ्याजवळ असावास असे मला वाटते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना खोलीसोबती